परक्या घरचा नाताळ

गेल्या महिन्याच्या टपालात नाशिकच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची थोरली मुलगी जर्मनीतील एका विद्यापीठात शिकते. तेथील एका कुटुंबाने तिला नाताळचे तीन दिवस आपल्या घरी राहावयास बोलाविले आहे. मुलीची जाण्याची इच्छा आहे; आईचीही ना नाही; परंतु घर एकत्र असल्यामुळे हा प्रश्न त्या दोघींपुरता राहिलेला नाही. आजेसासूबाई विचारतात, "त्यांच्या प्रार्थनेला बसावे लागेल काय?" काका विचारतात, "खाण्यापिण्याचे काय?" आणि जाऊबाईंचे म्हणणे असे की, ओळख ना पाळख, ऐन सणाच्या दिवशी परक्या मुलीला कोण घरी बोलावील? काही हेतू असल्याखेरीज का? अखेर सर्वांनी एकमताने हे प्रकरण या सदराकडे सोपविले आहे.

प्रश्न त्या एका घरचा नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांवर गेली होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती सारी शहरे अशी काही निपचित होतात की, वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलाला आपण सोडून सर्व जगाला घर आहे असे वाटू लागते. चोवीस तारखेच्या दुपारी दुकाने बंद होतात, ती सत्तावीसलाच उघडतात. रस्त्यावर चिटपाखरू नसते. ज्यांना आमंत्रण आले असेल त्यांनी ते खुशाल स्वीकारावे, हे माझे उत्तर मी आरंभीच देऊन टाकते. कारणे मागाहून येतीलच.

आपल्या लोकांना ही रीत नवीनही नाही. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि घरच्यासारखा झाला. आणि परक्या घरी राहण्याचे म्हणाल, तर आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांना उतरून घ्यावयास बंदरावर कार्पेंटरबाई आल्या होत्या. एका मासिकात छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून त्या बाईंनी आपण होऊन पत्र घातले होते. त्याआधी दोन्ही घरांची कसलीही ओळख नव्हती. न्यू जर्सीतील रोझेल येथे आनंदीबाई त्यांच्या घरी राहिल्या आणि त्यांना मावशी मानू लागल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी ह्याच बाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क संस्थानातील पकिप्सी या गावी कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या आजही आहेत. जाऊबाईंच्या शंकेला यापेक्षा अधिक बोलके उत्तर मला ठाऊक नाही. तथापि शंका गैर नाही. हेतूविषयी पुढे बोलेन.

आता काकांच्या प्रश्नाचे थोडक्यात. "मी शाकाहारी आहे" एवढे कळविणे पुरेसे नाही. यजमानीणबाई अगदी मनापासून विचारतील की, मासा तर चालेल ना? मला त्यांनी तसे विचारलेच होते. तेव्हा काय चालते यापेक्षा काय चालत नाही ते एकेक करून लिहावे. मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर सारात घातलेला मांसाचा रस्सा, फोडणीला वापरलेली चरबी, आणि लहान मुलांच्या लिबलिबीत मिठायांत असणारे जिलेटिन यांचीही नावे घ्यावी. तांबडा कोबी दिसावयास निरुपद्रवी असतो, पण पुष्कळ घरांत तो हंसाच्या चरबीत शिजवितात. ड्रेस्डेनचा तो प्रसिद्ध मनुका-बदामाचा श्टोलेन लोण्याने माखलेला असतो आणि त्यातील मनुका बहुधा रममध्ये भिजविलेल्या असतात, हेही ठाऊक असलेले बरे. हे सारे पंधरा दिवस आधी कळविल्यास कोणालाही त्याचे वाईट वाटत नाही. ताटावर बसून नाक मुरडल्यास मात्र वाटते. ते कोणत्या देशात वाटत नाही?

आजेसासूबाईंचे समाधान करणे त्याहून सोपे आहे. चर्चमध्ये पाहुण्याला कोणी ओढून नेत नाही. गेलेच, तर मागच्या बाकावर स्वस्थ बसावे, लोक उभे राहिले की उभे राहावे. प्रभुभोजनाची भाकर वाटली जाते तेव्हा आपल्या जागी बसून राहावे. तो बाप्तिस्मा घेतलेल्यांचा विधी आहे, आणि आपण उठलो नाही म्हणून कोणी वळून पाहत नाही.

एवढे व्यवहाराचे झाले. परंतु या पत्राने मला जे आठविले ते निराळेच आहे, आणि ते मी आजवर या पानांत लिहिलेले नाही.

१९८६ साली मी गटिंगन येथे रसायनशास्त्राचा अभ्यास करीत होते. वय चोवीस, घर सोडून चौदा महिने झालेले. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी तेथे 'ॲडव्हेंट' सुरू होतो. देवदाराच्या डहाळ्यांचे गोल कडे करून त्यावर चार मेणबत्त्या बसवितात आणि दर रविवारी एक अधिक लावतात. ही चाल फार पुरातन असेल असे मला वाटे; पण ती हाम्बुर्ग येथे व्हिखेर्न नावाच्या पाद्र्याने १८३९ साली काढली. त्याने अनाथ मुलांसाठी घर चालविले होते. मुले रोज विचारीत, "नाताळ कधी?" म्हणून त्याने गाडीच्या चाकावर, रविवारच्या मोठ्या व इतर दिवसांच्या लहान, अशा मेणबत्त्या लावून त्यांना दिवस मोजावयास शिकविले. त्या वर्षी पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आला होता. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच देशांच्या सात मुलींनी मिळून पहिली मेणबत्ती लावली. काडी ओढण्याचा मान त्या दिवशी माझ्याकडे आला होता.

विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत नाताळासाठी पाहुणे मागणाऱ्या कुटुंबांची यादी असे. मला गॉस्लारजवळच्या एका खेड्यातील घर मिळाले. घरात सत्तरीच्या एक आजीबाई, त्यांचा मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. पत्रापत्री झाली, मासा चालणार नाही हे ठरले, तेवीस तारखेच्या दुपारची गाडी ठरली. भेट म्हणून घरून आणलेली सोलापुरी चादर मी बासनातून काढून ठेवली.

बावीस तारखेच्या सोमवारी वडिलांचे पत्र आले. आजी ३० नोव्हेंबरला गेली. पत्र १३ डिसेंबरचे होते. वडिलांनी लिहिले होते: तार केली असती तर तू तेथे एकटीच रडत बसली असतीस; येणे तर शक्य नव्हते; म्हणून तेरावा झाल्यावर लिहीत आहे. आणि शेवटी, त्यांच्या नेहमीच्या नीटनेटक्या अक्षरात, दहा दिवस उलटल्यावर वार्ता कळल्यामुळे तुला तीन रात्रींचे सुतक, तेवढे पाळ म्हणजे झाले.

ज्या आजीने मला वाढविले, जिच्या कुशीत मी बारा वर्षांची होईपर्यंत झोपले, ती जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत मी हसले होते, बर्फावर घसरले होते, प्रयोग चुकला म्हणून चिडले होते, आणि घरी दोन पत्रे लिहिली होती. दोन्ही पत्रांत 'आजीस सा. नमस्कार' असे होते. ती पत्रे घरी पोचली तेव्हा कोणी वाचली असतील, हा विचार मला आजही सोसवत नाही. वडिलांनी केले ते मायेने केले हे मी जाणते. परंतु ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, असे करू नका. परीक्षा आहे, एकटी आहे, उगाच कशाला, हे सारे खरे असते. तरी दुःखाच्या दिवशी दुःख करण्याचा हक्क घरातील माणसाला असतो, आणि तो काढून घेतला तर ते माणूस घरातले उरत नाही. जर्मन लोकांत काळ्या किनारीच्या लखोट्यातून मृत्यूची वार्ता लगेच सर्व आप्तांना जाते. तो लखोटा पाहून पूर्वी मला धसका बसे. नंतर त्याचा हेवा वाटू लागला. आज फोन क्षणात लागतो, तरी लपविणारी घरे लपवितातच, हे मी पाहिले आहे.

तीन रात्री म्हणजे बावीस, तेवीस आणि चोवीस. पंचवीसच्या सकाळी स्नान करून शुद्धी. म्हणजे नेमकी नाताळची रात्र सुतकात. जर्मनीत खरा सण पंचवीसचा नव्हे, तर चोवीसच्या संध्याकाळचा. ती 'पवित्र संध्या'. सुतकात दुसऱ्याच्या घरी सणाला जाऊ नये, देवांना शिवू नये, गोडधोड खाऊ नये, हे मला पाठ होते. नाही म्हणून कळवावे, तर त्यांनी खोली तयार केलेली. खरे कारण सांगावे, तर त्यांच्या सणावर सावट. शिवाय मला त्या रिकाम्या वसतिगृहाची भीती वाटत होती, हे कबूल केले पाहिजे. मी गेले. मनाशी असे ठरविले की, कोणाला काही सांगावयाचे नाही, आणि गुपचूप जमेल तेवढे पाळावयाचे.

क्रायेन्सेनला गाडी बदलून संध्याकाळी पोचले. बर्फ नव्हते, चित्रांत दाखवितात तसे ते दर नाताळला पडतेच असे नाही. ओले धुके होते. सूनबाई स्थानकावर आल्या होत्या. घरात दालचिनी आणि लवंग यांचा वास भरला होता आणि बैठकीच्या खोलीचे दार कुलूपबंद होते. आत झाड होते. ते मुलांनी चोवीसच्या रात्रीपर्यंत पाहावयाचे नसते. घंटा वाजली की मगच दार उघडते. आजीबाईंना सर्वजण 'ओमा' म्हणत, म्हणजे आजीच. त्या शब्दाने माझ्या पोटात कसेसे झाले, पण मी हसून नमस्कार केला. चादर त्यांना फार आवडली. तिचे वजन पाहून मुलगा म्हणाला, ही पांघरली की उठता येणार नाही.

चोवीसच्या सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत गोठ्याचा देखावा मांडणे चालले होते. लाकडात कोरलेले बैल, गाढव, मेंढपाळ, मारिया आणि योसेफ. नातवाने सर्व प्राणी स्वतः लावले. शेवटी कापसात गुंडाळलेली तान्ह्या येशूची बोटभर मूर्ती त्याने माझ्यापुढे धरली. "तू पाहुणी आहेस. तू ठेव."

मी हात मागे घेतला.

विचार करून नव्हे. आजीच्या हाताखाली वाढलेल्या मुलीचा हात आपोआप मागे गेला. मूल बावरले. सूनबाईंनी एकदम दुसरीकडे पाहिले आणि मुलाला हलकेच म्हणाल्या, "असू दे, त्यांचा धर्म निराळा आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, समजूतदारपणा होता, आणि तोच मला झोंबला. कारण घडले होते नेमके उलट. ती मूर्ती मला नुसते लाकूड वाटली असती तर मी सहज उचलून ठेविली असती. ती देव होती म्हणूनच मला तिला शिवता येत नव्हते. आता गप्प राहावे, तर त्या घराने जन्मभर असे समजावे की, हिंदू मुलीने आमच्या देवाला हात लावण्याचे नाकारले. सूतक, अशौच, त्रिरात्र यांना जर्मन भाषेत काय म्हणतात ते मला कोणी शिकविले नव्हते. मी मोडकेतोडके बोलले. माझी आजी वारली. मला परवा कळले. आमच्यात तीन रात्री देवाला शिवत नाहीत.

ओमा कणीक मळत होत्या. त्यांनी हात पुसले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "कधी?" मी तारीख सांगितली. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहून त्या म्हणाल्या, "पहिला ॲडव्हेंट." मग विचारले, "नाव काय होते त्यांचे?" मी सांगितले. त्यांना ते उच्चारता येईना. त्यांनी तीन वेळा म्हणून पाहिले. तिसऱ्या वेळी जवळजवळ बरोबर आले. पत्र आल्यापासून ते नाव मी मोठ्याने उच्चारलेले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. मग मात्र मला आवरता आले नाही. सूनबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि तो मुलगा मूर्ती मुठीत धरून विचार करीत होता. "तीन रात्री म्हणजे कधीपर्यंत?" त्याने विचारले. उद्या सकाळपर्यंत, मी म्हटले. "मग उद्या ठेव." सूनबाई म्हणाल्या, येशूचा जन्म रात्रीचा, सकाळचा नव्हे. ओमांनी कणकेचा गोळा पुन्हा हातात घेतला आणि म्हणाल्या की, इतक्या वर्षांत एखाद्या रात्री उशीर झाला तर त्याला चालेल.

दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांनी मला अंगात कोट घालावयास सांगितले. नाताळच्या संध्याकाळी आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावून येण्याची चाल त्या देशात पुष्कळ ठिकाणी आहे. तांबड्या काचेच्या डबीतील मेणबत्ती असते. वर जाळीचे झाकण, म्हणजे वाऱ्याने विझू नये. ओमांच्या पिशवीत तसे तीन दिवे होते. स्मशानभूमी चर्चच्या मागे होती. धुक्यात ठिकठिकाणी तांबडे ठिपके आधीच लागलेले होते, आणि लोक हळू आवाजात बोलत ये-जा करीत होते. आपल्या सर्वपित्रीची आठवण व्हावी असे ते होते, पण ब्राह्मण नव्हते, पाने नव्हती, कावळे नव्हते, नुसते दिवे.

एक दिवा त्यांनी नवऱ्याच्या थडग्यावर ठेविला. उरलेले दोन घेऊन आम्ही कुंपणाजवळच्या एका दगडी क्रुसाकडे गेलो. ज्यांची थडगी पूर्वेकडच्या सुटलेल्या मुलखात राहिली अशांसाठी तो उभारला होता. तेथे कित्येक दिवे होते. ओमा सायलीशियातील ब्रेस्लाऊच्या. १९४५ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत ते शहर रिकामे करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा बायकामुले पायी बाहेर पडली. त्यांतच त्या होत्या. युद्धानंतर ते शहर पोलंडकडे गेले आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ झाले. पूर्वेकडून हुसकून निघालेल्या जर्मन माणसांची संख्या एक कोटीच्या वर होती. जर्मनांनी पोलंडमध्ये त्याआधी जे केले होते त्याचे हे फळ होते, हे ओमा स्वतःच म्हणत. परंतु फळ ज्याने पेरले त्याच्याच पदरात पडते असे नाही. त्यांच्या आईला १९४३ साली ब्रेस्लाऊत पुरले होते. पुढे तेथील जर्मन स्मशानभूमी एकामागून एक सपाट केल्या गेल्या. जेथे आई होती तेथे आता बाग आहे, असे त्यांना कोणी तरी पाहून येऊन सांगितले होते. (२००८ साली व्रोत्सवाफच्या लोकांनी त्या नाहीशा झालेल्या स्मशानांसाठी जुन्या थडग्यांचे दगड घालून एक स्मारकभिंत बांधली. ओमा तेव्हा असत्या तर बरे झाले असते.)

"माझ्या आईलाही थडगे नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या आजीलाही नाही." आमच्यात थडगे नसतेच, अस्थी नदीत सोडतात, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलविली आणि दुसरा दिवा माझ्या हाती दिला. दिवा लावणे सुतकात चालते की नाही हे मी त्या वेळी स्वतःला विचारले नाही.

परतताना त्यांनी हेतूही सांगितला, जाऊबाईंनी ऐकावा. सायलीशियातून आलेल्या लोकांना त्या भागातील शेतकऱ्यांच्या घरांत सरकारी हुकुमाने एकेक खोली मिळाली होती. घरमालकांनी ती राजीखुशीने दिलेली नव्हती. १९४५ च्या नाताळला ओमा आपल्या तान्ह्या मुलासह माडीवर होत्या. खाली मालकाचे कुटुंब झाडाभोवती गाणी म्हणत होते. "मध्ये बारा पायऱ्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी मोजल्या होत्या. कोणी हाक मारली नाही." पुढे स्वतःचे घर झाल्यावर त्यांनी दर नाताळला कोणी तरी परका माणूस बोलावण्याचा नेम केला. माझ्या आधी एक तुर्की कामगार, एक चिलीचा विद्यार्थी आणि एक कोरियन परिचारिका त्या खोलीत राहून गेली होती. त्या मालकांविषयी त्यांनी वाईट शब्द काढला नाही. कोबी मात्र त्यांच्याकडून कधी घेतला नाही म्हणाल्या.

फाटकाशी त्या थांबल्या. जर्मन भाषेतही आपल्याप्रमाणे 'तुम्ही' आणि 'तू' आहे. वडील माणसाने परवानगी दिल्याशिवाय त्याला 'तू' म्हणत नाहीत, आणि ती परवानगी बोलून द्यावी लागते. त्यांनी ती दिली. आमच्याकडे आजीला 'अगं' म्हणतात, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते 'अगं' फार आवडले. पुढे पत्राच्या शेवटी सहीऐवजी त्या तेच लिहीत.

पाच वाजता सर्वजण चर्चला गेले. देवळात जाणे नको म्हणून मी मागे राहिले, आणि माझ्या सोबतीला ओमांचा मुलगा राहिला. तो माझ्यासाठी नव्हे, तर चर्चला जातच नसे म्हणून. असा एक गृहस्थ प्रत्येक धार्मिक घरात असतो आणि स्वयंपाकाला त्याचा उपयोग होतो. आम्ही दोघांनी बटाट्याचे सालाड केले. चोवीसच्या रात्री पुष्कळ जर्मन घरांत मेजवानी नसते, साधे बटाट्याचे सालाड आणि सॉसेज एवढेच असते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल; मोठे जेवण दुसऱ्या दिवशी. माझ्यापुरते सालाड त्याने निराळ्या भांड्यात केले, सुरी धुऊन घेतली, आणि हे सारे आईने बजावल्याप्रमाणे करीत आहे असे सांगितले.

मग घंटा वाजली आणि दार उघडले. झाडावर खऱ्या मेणबत्त्या होत्या. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. ओमांनी ल्यूकच्या शुभवर्तमानातून जन्माची कथा वाचली. गाणी झाली, शेवटचे ते सर्व जगाला ठाऊक असलेले, १८१८ साली साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडॉर्फ गावी प्रथम म्हटलेले. मी खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. खिडकीतील गोठ्यात गवत रिकामे होते आणि बैल, गाढव, मेंढपाळ त्या रिकाम्या गवताकडे पाहत होते.

गोडाच्या वेळी ओमांनी काचेचा मोठा वाडगा आणला. त्याचे नाव मोनक्ल्योसे. ब्रेस्लाऊकडे त्याशिवाय नाताळ होत नाही. पावाचे काप, त्यांवर दुधात शिजविलेली वाटलेली खसखस, साखर, मनुका, बदाम, असे थरावर थर. त्यांची खसखस आपल्यासारखी पांढरी नसते, निळसर काळी असते. पण वास तोच. दिवाळीच्या अनारशांवर आजी खसखस लावी, तेव्हा परातीजवळ बसले की जो येई तोच. माझ्यापुढे ओमांनी वाटी ठेविली नाही, आणि "घ्या हो थोडे" असा आग्रहही केला नाही. आग्रह न करणे हेही आदरातिथ्य असू शकते, हे मला आपल्याकडे कधी दिसले नव्हते.

पंचवीसच्या सकाळी मी लवकर उठून डोक्यावरून स्नान केले. सारे घर झोपले असेल असे वाटले होते. परंतु स्वयंपाकघरात दिवा होता. ओमा शेगडीजवळ बसल्या होत्या. मेजावर एक वाटी झाकून ठेवलेली होती. मोनक्ल्योसे रात्रभर मुरले की अधिक चांगले लागते, एवढेच त्या म्हणाल्या. मी वाटीवरचे झाकण काढणार, इतक्यात खिडकीपाशी रात्रीच्या कपड्यांत उभा असलेला नातू पुढे आला आणि त्याने मूठ उघडली. कापूस पार चुरगळून गेला होता. आधी हे, मग खसखस, असे त्याने मला बजावले.